तिकिटावर सिनेमाचं नाव नसायचं : सातारा-सांगलीकरांनो, तुमचा एकच सिनेमा सांगा

शेवटचा_बाक (सातारा), रविवार, रात्री ९:१२

परवा वडिलांचं लोखंडी कपाट आवरायला काढलं. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांचा पितळी बिल्ला ज्या डबीत असायचा, त्याच डबीत बिल्ल्याखाली सिनेमाच्या तिकिटांचे दोन अर्धे तुकडे निघाले. गुलाबी कागद, बाल्कनी, रांग फ, खुर्ची ७ आणि ८, खेळ ३ ते ६. मागं तारखेचा जांभळा शिक्का. त्यातलं १९ वाचता येतं, पुढचे दोन आकडे नेमके पुसलेले.

गंमत अशी की लग्न झाल्यापासून आपण टॉकीजची पायरी चढलो नाही, हे वडील आम्हाला जन्मभर ऐकवत आले. आम्ही भावंडं सिनेमाला पैसे मागायला गेलो की हे वाक्य ठरलेलं. आणि डबीत हे!

सिनेमा कोणता ते कळायला मार्ग नाही. त्या तिकिटांवर सिनेमाचं नाव नसायचंच. वर्ग, खुर्ची, वेळ, करमणूक कर, बास. एकच छापलेलं तिकीट वर्षभर सगळ्या सिनेमांना चालायचं.

तर म्हटलं आपल्या भागातल्या लोकांना विचारावं. तुमचा एकच सिनेमा सांगा. जगातले शंभर थोर चित्रपट वगैरे यादी नको, त्या ढिगानं पडल्यात. एक सिनेमा, आणि तो कुठं, कुणाबरोबर, कसा बघितला ते. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. थापाही चालतील, पण जरा रंगवून मारा.

कंदीपेढा, ९:२०

पहिला नंबर माझा. रुमाल टाकून ठेवतो, सिनेमा नंतर सांगतो.

तुमच्या वडिलांचं काय अवघड नाही. कंडक्टर माणूस, तिकीट फाडून टाकायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. कधी चेकर चढला तर?

पडदाफाड (सांगली), ९:४१

एकच मागितला की लोक शोभेचा सिनेमा सांगतात. आता बघा, पाचव्या प्रतिसादापर्यंत कुणीतरी इराणी सिनेमा काढतंय.

मी खरं सांगतो. 'झपाटलेला'. १९९३ चा, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचा. मिरजेत मामाकडं सुट्टीत टीव्हीवर बघितला आणि त्याच रात्री मामीनं मला माळ्यावरच्या खोलीत झोपायला पाठवलं. तिथं मामेबहिणीचा बाहुला खुंटीला टांगलेला. रात्रभर मी त्याच्याकडं आणि तो माझ्याकडं. सकाळी मामा म्हणाला, पोरगं सुकलंय, पाणी बदललंय वाटतं.

भडंगवाली (सांगली), १०:०५

लॅपटॉपवर बघितलेला चालेल का? चालत नसेल तरी लिहितेच.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाखाली धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आमचं घर गावभागात. पहिल्या दिवशी आम्ही सामान माळ्यावर चढवलं, दुसऱ्या दिवशी माळा सोडून स्वतः निघालो. विश्रामबागच्या बाजूला एका शाळेत सोय होती. सहावीच्या वर्गात आम्ही चाळीसएक माणसं, बाक भिंतीला लावलेले, फळ्यावर अजून अपूर्णांकांची गणितं. तीन दिवस वीज नाही. बाहेर सारखा पाऊस, आणि आत प्रत्येकाचं एकच, आमच्या दारात किती आलं असेल.

एका पोराच्या लॅपटॉपमध्ये एकच मराठी सिनेमा होता, 'अशी ही बनवाबनवी'. त्यानं तो बाकावर ठेवला. आवाज एवढासा. पण खरं सांगते, आवाजाची गरजच नव्हती. प्रत्येक वाक्य पडद्याच्या आधी वर्गातून यायचं. कोपऱ्यातल्या एक आजी, ज्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या, सुधीर जोशी दिसले की पदर तोंडाला लावून हसायच्या. बॅटरी अकरा टक्क्यांवर आली तसं ते पोरगं दर दोन मिनिटांनी आकडा सांगायला लागलं, जणू पुलाखालची पातळीच सांगतंय. अकरा, नऊ, सहा.

डोहाळजेवणाच्या गाण्यात लॅपटॉप बंद पडला. मिनिटभर अंधारात कुणी काही बोलेना. मग त्या आजी म्हणाल्या, "हां, तर आता तो घरमालक येतो बघा..." आणि उरलेला सगळा सिनेमा त्यांनी सांगितला. चुकलं की पोरं दुरुस्त करायची. मूळ सिनेमापेक्षा लांबला.

१९८८ चा सिनेमा. टीव्हीवर शंभरदा बघितला असेल, पण विचारलंत तर माझा सिनेमा तोच. पुरात बघितलेला, शेवट न बघितलेला.

कंदीपेढा, १०:११

ताई, दंडवत. यानंतर माझ्या सिनेमाचं काय सांगू? रुमाल काढून घेतो.

कृष्णाकाठची (कराड), १०:३०

भडंगवाली, गळ्यात आवंढा आला वाचताना. पाणी आमच्याकडंही आलं होतं, पण तुमच्या मानानं काहीच नाही.

माझा सिनेमा 'पिंजरा' (१९७२). आवडतो, आणि दर वेळी बघताना राग येतो. गणपतीत आमच्या गल्लीत व्हीसीआर भाड्यानं आणायचे, रात्रभरात तीन सिनेमे. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. तिसरा सिनेमा कायम 'पिंजरा', कारण तोवर पोरं झोपलेली असायची. मी झोपायचं सोंग करायचे.

आत्या शेजारी बसून पुटपुटत असायची. आदर्श मास्तर तमासगिरिणीच्या नादी लागतो, गाव त्याला मेला समजून त्याचा पुतळा उभारतं, आणि शेवटी त्याच्यावर स्वतःच्याच खुनाचा खटला. गोष्ट म्हणून कमालच. पण आत्या म्हणायची, "ह्यो पडला तर लावणीवालीचा दोष, आणि ह्यो चढला आसता तर तुणतुणं वाजवायला तरी तिला कुणी बलिवलं आसतं का?" मला तेव्हा कळलं नाही. आता सिनेमा लागला की आत्याच ऐकू येते.

शेवटचा_बाक, १०:३८

आत्याबाईंना नमस्कार सांगा. पण एक नोंदवून ठेवतो, मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू जन्मानं सातारचे. कानाचे डॉक्टर असलेला माणूस पन्नाशीच्या अलीकडं सिनेमात येतो आणि पहिल्या काही कामांतच असं काम करतो.

कृष्णाकाठची, १०:४०

म्हणजे सातारचे म्हणून मास्तर निर्दोष?

कंदीपेढा, १०:४१

हसून हसून पुरेवाट. बाकसाहेब, बसा खाली.

ऑपरेटर_काका (सांगली जिल्हा), सोमवार, सकाळी ६:५०

मी तीन टॉकीजला मिळून तीस वर्षं मशीन चालवलं. रिटायर झालो तेव्हा डिजिटल आलं होतं, म्हणजे माझ्याजागी एक डबा आला.

तुम्ही सिनेमा बघता तसा ऑपरेटरनं कधी बघितलेला नसतो. वीतभर काचेतून बघायचं, ते पण गोष्ट नाही, फोकस बघायचा. दोन मशिनं असायची. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींसमोर जळतात, त्या उजेडावर सिनेमा. कांड्या जळल्या की मधलं अंतर वाढतं आणि पडदा पिवळा पडतो. हात सारखा चाकावर. जरा पान लावायला वळलो की खाली शिट्ट्या.

दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात वर बारीक गोळा येतो. पहिल्या गोळ्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्या गोळ्याला पडदा त्याच्यावर द्यायचा. मधे सात सेकंद. तीस वर्षं मी त्या सात सेकंदांत जगलो म्हणा. अजून टीव्हीवर जुना सिनेमा लागला की माझं लक्ष उजव्या कोपऱ्यात. मंडळी म्हणते, अहो हिरॉईन डाव्या बाजूला आहे.

चुका पण सांगतो, आता काय, पेन्शन सुरू आहे. नवा सिनेमा आला की एकच प्रिंट दोन टॉकीजला. पहिल्या टॉकीजचं रीळ सुटलं की पोरगं लुनावर घालून आमच्याकडं. तीन तासांचा सिनेमा म्हणजे हजार फुटांची सोळा-सतरा रिळं, तेवढ्या फेऱ्या नाहीत पण निम्म्या तरी. एकदा लुना पंक्चर. हातात होतं ते पुढचं रीळ मी चढवलं. व्हिलन मेला, अग्नी दिला, आणि मग मागचं रीळ आलं तसा तो परत जिवंत होऊन हिरोच्या आईला धमकी द्यायला लागला. खालून फक्त एक माणूस तक्रारीला आला. बाकीच्यांना वाटलं जुळा भाऊ.

माझा सिनेमा 'साधी माणसं', १९६५, भालजी पेंढारकर. माझे वडील लोहार. ऐरणीचं गाणं लागलं की मी एवढा एकच सिनेमा काचेतून नीट बघायचो, गोळा चुकला तर चुकला.

पडदाफाड, ७:१५

काका!!! जुळा भाऊ!!!

बाकी कुणी काही लिहू नका, धागा इथंच बंद करा.

भडंगवाली, ७:४०

काका, 'साधी माणसं'चं संगीत आनंदघन, म्हणजे लतादीदी. मास्टर दीनानाथांचं घर आमच्या सांगलीत होतं. बोलपट आल्यावर दीनानाथांच्या बळवंत कंपनीनं 'कृष्णार्जुन युद्ध' (१९३४) काढला होता. आणि आशाताईंचा तर जन्मच सांगलीचा, १९३३.

कंदीपेढा, ७:५२

घ्या. सांगलीकर सुरू झाले. आता विष्णुदास भावे येणार, मग देवल, मग खाडिलकर, मग हळद.

भडंगवाली, ७:५५

येणारच. १८४३ साली 'सीतास्वयंवर' सांगलीत झालं तेव्हा तुम्ही साताऱ्यात काय करत होता?

कंदीपेढा, ७:५८

गादी सांभाळत होतो.

पण ताई, एक तुम्हीच ठरवा. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मध्ये बुगडी सांडली ती साताऱ्याला जाताना. म्हणजे लोक यायचे कुठं? साताऱ्याला. पुण्याच्या विजयानंदला तो सिनेमा १३१ आठवडे चालला तो काही उगाच नाही.

भडंगवाली, ८:०३

बुगडी सांडायला साताराच हवा, रस्ते तसेच आहेत. पण गायला शेवटी सांगलीचा गळा लागला.

शेवटचा_बाक, ८:१०

मान्य. शब्द गदिमांचे, म्हणजे तेही माणदेशचे, तुमच्याच जिल्ह्यातले. बुगडी तेवढी आमची.

माणदेशी_वारं (आटपाडी), दुपारी १:२०

गदिमांचं नाव निघालं म्हणून लिहितो. नाहीतर आमचा भाग कुणाला आठवत नाही, दुष्काळाशिवाय.

माझा सिनेमा 'दो आँखें बारह हाथ'. १९५७, व्ही. शांताराम. कथा गदिमांची. एक जेलर सहा खुनी कैदी विश्वासावर माळरानावर घेऊन जातो आणि त्यांच्याकडून शेती करून घेतो, बेड्या नाहीत, भिंत नाही. लोकांना वाटतं हे शांतारामांच्या डोक्यातलं. तर आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन बघा. १९३९ मध्ये औंध संस्थानात हे खरंच सुरू झालं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, आणि त्यांच्याकडं आलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर, त्यांचं हे काम. कैदी बायकापोरांसह राहायचे, शेती करायचे. ती वसाहत आजही आहे. बर्लिनला १९५८ साली या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं, त्याची गोष्ट आमच्या माळावरची.

मी बघितला कसा? सहा-सात वर्षांचा असेन. प्रसिद्धी खात्याची गाडी गावात यायची. शाळेपुढं दोन बांबू, मधे पांढरं कापड. आजोबांबरोबर जायला उशीर झाला. पुढची जागा भरलेली, म्हणून आम्ही कापडाच्या पलीकडल्या बाजूला बसलो. तिकडूनही चित्र दिसतं की, फक्त उलटं. नावं उलटी, आणि शांताराम डावखुरे. गावातली निम्मी माणसं त्या बाजूनंच सिनेमा बघायची.

पुढं पुण्यात शिकायला गेल्यावर मोठ्या पडद्यावर सरळ बाजूनं बघितला. बैलाशी झुंज आली (त्या शूटिंगमध्ये शांतारामांच्या डोळ्याला खरंच मोठी इजा झाली होती) आणि मला बैल चुकीच्या बाजूनं येतोय असं वाटलं. शेजारच्या मित्राला मी तसं म्हणालोसुद्धा. तो अजून मला त्यावरून छळतो.

कंदीपेढा, १:३१

पण स्वतंत्रपूर औंध संस्थानात, आणि औंध सातारा जिल्ह्यात. म्हणजे रौप्य अस्वल आमचं.

माणदेशी_वारं, १:३३

औंध तुमचं. आटपाडी सांगली जिल्ह्यात. अस्वलाचं पुढचं निम्मं घ्या, मागचं ठेवा आम्हाला.

वाईकर_एक्स्ट्रा (वाई), रात्री ८:४५

मंडळी, मी गाव न सोडता तीन राज्यांत राहिलोय. बिहार, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू.

वाईला कुणी वाई म्हणून दाखवतच नाही. प्रकाश झांनी 'मृत्युदंड' (१९९७) वाईत केला तेव्हापासून हे लागलंय मागं. 'गंगाजल' झाला, 'ओंकारा' झाला, 'दबंग' झाला, 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये तर आमच्यावर नारळाची झाडं आली. कृष्णेचा घाट तोच, देऊळ तेच, फक्त पाट्या बदलतात. एकदा पोस्टमन नवीन होता, तो शूटिंगची पाटी वाचून पत्रं परत घेऊन निघालेला.

मी चार सिनेमांत गर्दीत आहे. कुठल्या ते विचारू नका. एकात मी पूर्ण दीड सेकंद दिसतो, पाठमोरा. घरी तो सिनेमा लागला की आई रिमोट घेऊन टपून बसते. थांबवते, आणि पाहुण्यांना माझ्या मानेवरचा तीळ दाखवते. त्या दीड सेकंदासाठी मी सकाळी सहापासून धोतर नेसून बसलो होतो, आणि जेवणात वांगं होतं. मी वांगं खात नाही.

पण माझा सिनेमा त्यातला नाही. 'स्वदेस' (२००४). त्यात मी कुठंच नाही, तेव्हा दहावीला होतो, घरच्यांनी सोडलं नाही. वाईजवळच्या मेणवलीला सेट पडलेला, आणि मी घरात बीजगणित करतोय. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, वसईहून आणलेली ती मोठी घंटा, सगळं सिनेमावाल्यांच्या ताब्यात. पुढं सिनेमा लागला तेव्हा आम्ही टेम्पो करून साताऱ्याला गेलो, वीसेक माणसं. शाहरुख नावेतून येतोय आणि अख्ख्या रांगेला त्याचं काही नाही. "ती बघ पायरी", "तो आपला वड", "अरे तिथं मी पडलो होतो". मागच्या माणसानं दोनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मेणवलीचे का तुम्ही?" म्हटलं हो. मग म्हणाला, "मग सांगा सावकाश, आम्हालाही कळू दे."

ऑपरेटर_काका, ९:००

वांग्याचं वाईट वाटलं.

पडदाफाड, ९:०६

मल्टिप्लेक्समध्ये असं बोललं तर बाहेर काढतील. आमच्या पिढीच्या नशिबी अंधारात गप्प बसणं, आणि पॉपकॉर्न घ्यायला कर्ज.

कृष्णाकाठची, ९:२०

गप्प बसणं वाईट नाही हो. सगळं जुनं ते सोनं करू नका. कराडला एका टॉकीजात मी आणि मैत्रीण पहिल्यांदा एकट्या गेलो, बारावीत. मागून अख्खा वेळ कुणीतरी खुर्चीला पाय लावत होतं. मध्यंतरात उठून बघितलं तर तिघं बघत हसत होते. आम्ही निम्मा सिनेमा सोडून आलो. त्या सिनेमाचं नाव मला आठवतं, पण सांगणार नाही, कारण मग तो माझा सिनेमा व्हायचा. शिट्ट्या, फेटे, नाणी फेकणं ही सगळी मजा पुरुषांची होती. आम्हाला बाल्कनी मिळायची, ती पण नवरा नाहीतर भाऊ असला तर.

भडंगवाली, ९:२४

+१०० ताई. आमच्याकडं 'लेडीज'ची वेगळी खिडकी होती, रांग कमी म्हणून गल्लीतले सगळे दादा आमच्या हातात पैसे द्यायचे. तेवढ्यापुरता मान.

ऑपरेटर_काका, ९:३५

ताई, खरं आहे. आम्हाला वरून सगळं दिसायचं. दोनदा मी मशीन थांबवून लाइट लावलेत. मालक ओरडला. पण जास्त वेळा नाही लावले, हेही खरं.

माणदेशी_वारं, ९:५०

काका, एवढं कबूल करायला पण छाती लागते.

व्यवस्थापक, १०:००

धागा चांगला चाललाय. अस्वलाची वाटणी पुरे, विषयाला धरून लिहा.

कंदीपेढा, १०:०४

मग विषयाला धरूनच विचारतो. बाकसाहेब, दोन दिवस झाले. सगळ्यांनी पोतडी रिकामी केली. तुमचा सिनेमा कुठाय? आणि त्या तिकिटांचं काय झालं?

ऑपरेटर_काका, १०:१२

मी तेच म्हणणार होतो. तिकीट गुलाबी म्हणालात. आमच्याकडं वर्गाप्रमाणं कागदाचा रंग असायचा, पण प्रत्येक टॉकीजचा वेगळा. करमणूक कर किती छापलाय ते बघा, त्यावरून काळाचा अंदाज येईल. आणि आईंना विचारलंत का? खुर्ची ७ असली तर ८ वर कोण होतं, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटचा_बाक, मंगळवार, रात्री ९:३०

माझा सिनेमा 'सामना'. साताऱ्यात कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या खेळाला बघितला, खुर्च्या लाकडी, पंखा बंद. निळूभाऊ आणि लागू समोरासमोर बसून नुसते बोलतात, आणि आम्ही विशीतली पोरं मुठी आवळून बसलेलो. बाहेर आल्यावर राजवाड्यापर्यंत चालत आलो, पाच जणं, एक शब्द नाही. तो १९७५ साली बर्लिनला गेला होता हे नंतर कळलं. अस्वल मिळालं नाही, त्यामुळं वाटणीचा प्रश्न नाही.

आता तिकिटं. आईला विचारायचं मी टाळत होतो, खरं सांगतो. म्हटलं, खुर्ची ८ वर आई नसेलच तर? काकांनी लिहिलं म्हणून आज धाडस केलं. चहा दिला, तुकडे समोर ठेवले. तिनं चष्मा लावून उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "ही अजून ठेवलीत व्हय त्यांनी?"

मग कळलं ते असं. माहेरून परत येत होते. पोवई नाक्यावर उतरेपर्यंत पुढची एसटी गेलेली, आणि पाऊस असा की छत्री उलटी. कंडक्टरची स्वतःची एसटी चुकली, ही नामुष्की. दुसरी गाडी सहानंतर. आई भिजून थरथरत होती, तीन महिन्यांची गरोदर (माझा थोरला भाऊ). वडिलांनी टॉकीजच्या दारात तिकिटं काढली, बाल्कनीची, कारण खालच्या खुर्च्यांना ओल होती. त्यांनी स्वतःचा खाकी कोट तिच्या अंगावर टाकला, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत झोपली ती दिवे लागेपर्यंत. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "आपण सिनेमाला आलो नव्हतो, पावसाला आलो होतो. घरी सांगू नको."

म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या हिशेबानं.

भडंगवाली, ९:३८

अगदी त्यांच्याच शेजारी बसल्यासारखं वाटलं.

कृष्णाकाठची, ९:४०

कोट!

कंदीपेढा, ९:४२

कंडक्टरचा शब्द म्हणजे शब्द. पण बाकसाहेब, सिनेमा कोणता ते राहिलंच की.

शेवटचा_बाक, ९:५५

विचारलं. म्हणाली, "मी झोपलेले, मला काय ठाऊक? एकदा डोळा उघडला तेव्हा म्हैस होती."

पडदाफाड, ९:५६

म्हैस?

वाईकर_एक्स्ट्रा, ९:५८

म्हशीचे सिनेमे काढा रे कुणीतरी. आमच्या घाटावरची असेल तर मी ओळखीन.

माणदेशी_वारं, १०:०२

गावाकडचा मराठी सिनेमा म्हटला की प्रत्येकात एक म्हैस असतेच. निम्म्या सिनेमांत पाटलाची, निम्म्यात गरिबाची. आई काय म्हणतात, पाटलाची होती का गरिबाची?

ऑपरेटर_काका, १०:१०

थांबा, गोंधळ करू नका. आधी काळ पकडू. आईंना एवढंच विचारा, कृष्णधवल होता का रंगीत?

शेवटचा_बाक, १०:१९

विचारलं काका. म्हणाली, "म्हैस काळीच होती."